हरवलेल्यांचा हिशेब

चिंचवडास आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा लहानसा कारखाना आहे. मोटारींना लागणाऱ्या शाफ्टांना ग्राइंडिंग करून शेवटचें माप देण्याचें काम तेथें चालतें. गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं आम्ही सहज त्याच्याकडे गेलों होतों. एका यंत्राच्या बाजूस पत्र्याची पेटी होती व तींत एक जाड रूळ सावकाश फिरत होता. काम थंड ठेवण्यासाठीं यंत्रावर सोडलेलें पाणी लोखंडाची बारीक भुकटी घेऊन त्या पेटींत येई. रुळाच्या पोटांतील चुंबक ती भुकटी ओढून धरी. आणि पलीकडील पट्टी ती खरडून डब्यांत टाकी. "हा आमचा मॅग्नेटिक सेपरेटर, सर," असें त्यानें सांगितलें. पाण्यांतील सगळें लोखंड यानें निघतें काय, असें आम्हीं विचारलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, "डब्यांत पडली ती भुकटी वजन करून दाखवितां येते, सर. पाण्यांत राहून गेली ती किती, हें सांगणें कठीण. आणि कामावर ओरखडे पडतात ते त्या राहिलेल्या भुकटीचे."

त्याचें हें बोलणें घरीं येईपर्यंत आमच्या मनांतून गेलें नाहीं. आम्हीं जवळजवळ तीस वर्षें महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविण्यांत घालविलीं आहेत, आणि त्या शास्त्रांतील एका अतिशय अवघड मोजमापाचा इतिहास त्या कारखानदारानें नकळत दोन वाक्यांत सांगितला होता. अणुकेंद्रांच्या संमीलनाचें मोजमाप हें तें मोजमाप होय. तेंही पुष्कळदां चुंबकीय विभाजकानेंच करतात, आणि तेथेंही खरी अडचण सांपडलेल्या कणांची नसून निसटलेल्या कणांची असते. हा इतिहास केंब्रिजला सुरू होऊन मुंबई, दिल्ली व कॅनबेरा येथपर्यंत येतो, आणि त्यांत मुंबईच्या वांट्यास आलेले प्रसंग आपल्या वाचकांनीं जाणून घ्यावेत असे आहेत.

प्रथम संमीलन म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अणूच्या पोटांत, त्याच्या विस्ताराच्या मानानें अत्यंत लहान असें केंद्र असतें. दोन केंद्रें मिळून एक झालीं म्हणजे संमीलन झालें. सूर्य जळतो तो याच क्रियेवर. तथापि प्रत्येक केंद्रावर धनविद्युत् असल्यामुळें दोन केंद्रें जवळ येऊं लागलीं कीं एकमेकांस दूर लोटतात; प्रत्येकाभोवतीं जणू विजेचा एक तट उभा असतो. हा तट ओलांडून तीं किती वेळां एक होतात, हा आपला प्रश्न. सूर्याचें आयुष्य, ताऱ्यांच्या पोटांत घडणाऱ्या मूलद्रव्यांचें प्रमाण, आणि संमीलनापासून मनुष्यास वीज मिळणें न मिळणें, हें सर्व त्या "किती वेळां" च्या उत्तरावर अवलंबून आहे.

या इतिहासाच्या आरंभींच चुंबक आहे. १९१९ सालीं फ्रान्सिस ॲस्टन यानें केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत एक यंत्र रचलें. विद्युद्भारित अणूंचा झोत प्रथम विद्युत्क्षेत्रांतून व मग चुंबकीय क्षेत्रांतून नेला असतां निरनिराळ्या वजनांचे अणु निरनिराळ्या ठिकाणीं जाऊन पडत व छायाचित्राच्या कांचेवर त्यांच्या रेघा उमटत. या यंत्रानें असें दिसून आलें कीं, हेलियमचा एक अणु हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षां शेंकडा सुमारें ०.७ इतका हलका भरतो. पुढल्याच वर्षीं, म्हणजे १९२० च्या ऑगस्टांत, कार्डिफ येथें भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत आर्थर एडिंग्टन यानें या तुटीवरून असा तर्क मांडला कीं, हायड्रोजनचें हेलियम होतांना वजनांत जी तूट येते तीच सूर्याची ऊर्जा असली पाहिजे. सूर्याच्या अग्नीचें रहस्य मनुष्यास प्रथम उमगलें तें अशा रीतीनें, एका तुटीच्या हिशेबांतून.

परंतु सूर्याच्या गाभ्यांतील दीड कोटि अंशांची उष्णता देखील तो विजेचा तट ओलांडण्यास पुरेशी नव्हती. ही अडचण १९२८ सालीं दूर झाली. पुण्यास 'सृष्टिज्ञान' मासिक निघालें तें हेंच साल. नव्या पुंजयामिकीच्या आधारें जॉर्ज गॅमॉव यानें, व स्वतंत्रपणें गर्नी व काँडन यांनीं, असें दाखविलें कीं तट चढून जाण्याइतकी शक्ति नसलेला कणही क्वचित् तटांतून आरपार जातो. १९२९ मध्यें ॲटकिन्सन व हाउटरमान्स यांनीं हा विचार ताऱ्यांस लावला. १९३९ मध्यें हान्स बेथे यानें ताऱ्यांतील क्रियांची सांखळी मांडली. 'क्वचित्' या शब्दानें सूर्याचें कोडें सुटलें. मात्र प्रयोग करणाऱ्याच्या गळ्यांत तोच शब्द पडला. जी गोष्ट क्वचितच घडते ती मोजावयाची कशी?

दरम्यान १९३४ सालीं कॅव्हेंडिशमध्येंच मार्क ओलिफंट, पाउल हार्टेक व अर्नेस्ट रदरफर्ड यांनीं जड हायड्रोजनच्या केंद्रांचा जड हायड्रोजनवरच मारा करून प्रयोगशाळेंत संमीलन घडवून आणलें. या क्रियेचे परिणाम दोन प्रकारचे होतात. कधीं ट्रिटियम व प्रोटॉन निर्माण होतात, तर कधीं हलक्या जातीचें हेलियम व न्यूट्रॉन. हे दोन प्रकार जवळजवळ सारख्याच प्रमाणांत घडतात. वाचकांनीं ही सारखेपणाची गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडेल. ओलिफंटचें नांवही विसरूं नये, कारण तोच पुढें आपल्या मायदेशीं परतला व कॅनबेरा येथें नव्यानें स्थापन झालेल्या राष्ट्रीय विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या संशोधनशाळेचा पहिला संचालक झाला.

आतां मुंबईकडे वळूं. १९५५ च्या ऑगस्टांत जिनीव्हा येथें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयीं पहिली जागतिक परिषद भरली व तिचें अध्यक्षस्थान डॉ. होमी भाभा यांच्याकडे होतें. अध्यक्षीय भाषणांत त्यांनीं असें भाकीत केलें कीं, येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यांत ठेवून वापरण्याची रीत मनुष्यास सांपडेल. तसें झालें तर समुद्रांतील जड हायड्रोजन हेंच जगाचें इंधन होणार होतें. कोळसा व तेल यांच्या टंचाईनें गांजलेल्या देशाचा शास्त्रज्ञ हें बोलत होता, त्यामुळें त्या शब्दांना विशेष धार होती. दोन दशकें १९७५ सालीं संपलीं. भाभा १९६६ मध्येंच अपघातांत गेले होते. भाकीत खरें झालें नाहीं. तथापि तें मुंबईच्या मनांत कोठेंतरी जागें राहिलें असावें.

कारण १९८९ सालीं तें एकाएकीं पुन्हां फुललें. त्या वर्षीं २३ मार्च रोजीं अमेरिकेंतील युटा येथें फ्लाइशमन व पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं जाहीर केलें कीं, जड पाण्यांत पॅलेडियमची कांडी बुडवून वीज सोडली असतां साध्या कांचेच्या भांड्यांत संमीलन होतें. आम्ही त्या वेळीं पुण्यास बी. एस्सी. च्या वर्गांत होतों. वर्तमानपत्रांतील ती बातमी वसतिगृहांत मोठ्यानें वाचून दाखविली गेली, व आतां विजेचा तोटा कायमचा संपला या समजुतीनें आम्हीं रात्र जागून काढली, हें अद्यापि आठवतें. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक त्या वेळीं डॉ. पी. के. अय्यंगार हे होते. तेथील निरनिराळ्या गटांनीं तत्परतेनें प्रयोग हातीं घेतले, आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याचें प्रसिद्ध केलें. १९८९ च्या डिसेंबरांत त्या सर्व कामाचा एकत्र अहवालही निघाला.

मात्र त्या आंकड्यांत एक विलक्षण गोष्ट होती. ओलिफंटच्या क्रियेप्रमाणें ट्रिटियम व न्यूट्रॉन जवळजवळ सारखेच मिळावयास हवे होते. येथें ट्रिटियमच्या मानानें न्यूट्रॉन इतके थोडे होते कीं, दोहोंत कोट्यवधि पटींचें अंतर पडत होतें. हें खरें मानावयाचें तर एक अगदीं नवी क्रिया मानावी लागे. खोटें मानावयाचें तर कोठेंतरी मोजमापांत चूक मानावी लागे. जगांतील इतर प्रयोगशाळांस ते प्रयोग खात्रीनें पुन्हां करून दाखवितां आले नाहींत. अमेरिकन सरकारनें नेमलेल्या समितीनें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पुरावा पटण्याजोगा नसल्याचें मत दिलें, व शास्त्रज्ञांच्या मोठ्या वर्गानें तेंच ग्राह्य धरलें. त्या कामांत पडलेल्या मंडळींचा उपहास करणें सोपें आहे; आम्हांस तें योग्य वाटत नाहीं. घडलेली क्रिया क्वचित् असली आणि आजूबाजूला तिच्यासारख्याच दिसणाऱ्या गोष्टींचा सडा पडलेला असला, म्हणजे किती सांपडलें यापेक्षां काय मिसळलें व काय निसटलें याचा हिशेब अधिक महत्त्वाचा ठरतो, एवढाच त्या प्रसंगाचा बोध आम्ही घेतों.

गंमत अशी कीं, त्याच मुंबईंत त्याच सुमारास हा हिशेब मांडण्याची दुसरी वाट खुली झाली होती. कुलाब्यास समुद्रकांठीं असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, भाभा केंद्राच्या सहकार्यानें, १९८८ च्या अखेरीस पेलेट्रॉन नांवाचा त्वरक सुरू झाला. एक कोट चाळीस लाख व्होल्टपर्यंतच्या दाबाखालीं केंद्रांना गति देऊन त्यांचा झोत पातळ वर्खावर सोडावयाचा, हें त्याचें काम. दिल्लीस नेहरू विद्यापीठाच्या शेजारीं, देशांतील सर्व विद्यापीठांच्या उपयोगासाठीं १९८४ सालीं स्थापन झालेल्या केंद्रांतही दीड कोट व्होल्टचा असाच त्वरक उभा राहिला. या केंद्राला पूर्वीं न्यूक्लिअर सायन्स सेंटर म्हणत. आतां त्यास आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र असें नांव आहे. संमीलनासाठीं रचलेला आपल्या देशांतील पहिला मोठा विभाजक तेथेंच आहे. त्याचें संक्षिप्त नांव 'हिरा' असें पडलें, व मराठी माणसास तें उगीचच आपलें वाटतें.

हा विभाजक करतो काय, तें पाहूं. अगदीं माफक झोतांतही दर सेकंदाला ६०० कोटींच्या घरांत कण वर्खावर येऊन आदळतात. त्यांतील बहुतेक सरळ निघून जातात, कांहीं थोडे आजूबाजूस विखुरतात. तटाच्या बऱ्याच खालच्या ऊर्जेवर, स्थूलमानानें पाहिल्यास, तासाभरांत दोनचारच संमीलनें व्हावयाचीं. संमीलनानें जन्मलेलें केंद्र एकदोन न्यूट्रॉन टाकून कांहींसें निवतें, आणि त्याचा जो अवशेष उरतो तो मूळ झोताच्याच दिशेनें पुढें जातो. म्हणजे पंढरीच्या वारींतून, वारकऱ्यांच्याच वेषांत त्याच वाटेनें चाललेला एक माणूस हुडकून काढण्यासारखें हें काम आहे.

त्यांतही एक खुबी आहे. आदळणाऱ्या कणाचा संपूर्ण संवेग नव्या केंद्रांत उतरतो. चुंबक कणांना वळवितो तो त्यांचा संवेग व विद्युद्भार पाहून. त्यामुळें बाप व लेक यांचा संवेग एकच असतां एकट्या चुंबकाची फसगत होऊं शकते. परंतु नवें केंद्र जड असल्यामुळें सावकाश चालतें व त्याची ऊर्जा कमी असते. विद्युत्क्षेत्र निवड करतें तें ऊर्जा पाहून. म्हणून 'हिरा'मध्यें आधीं विद्युत्क्षेत्र, मध्यें चुंबक व नंतर पुन्हां विद्युत्क्षेत्र अशी योजना आहे. सुमारें साडेआठ मीटरांच्या या वाटेवर मूळ झोत बाजूला पडतो, आणि अवशेष आपापल्या वजनाप्रमाणें शेवटच्या गणकावर निरनिराळ्या जागीं येऊन पोंचतात. ॲस्टनच्या यंत्राचाच हा वाढलेला वंश होय. पुढें तेथें 'हायरा' नांवाचा दुसरा विभाजक झाला. त्यांत विरळ वायु भरून चुंबकांतून कण नेतां येतात. वायूशीं होणाऱ्या टकरींत कणांचा विद्युद्भार सतत बदलत राहून सरासरीवर स्थिरावतो व चुंबकाचें काम सोपें होतें.

इतकें झाल्यावर गणकावर समजा शंभर अवशेष मोजले. संमीलनें शंभर झालीं काय? मुळींच नाहीं. कांहीं अवशेष वांकडे जाऊन भिंतींवर आदळले. कांहींचा विद्युद्भार वेगळा असल्यानें ते दुसऱ्याच वाटेला लागले. 'हिरा'सारख्या यंत्रांत जन्मलेल्यांपैकीं फार थोडेच शेवटपर्यंत पोंचतात. म्हणून खरें कौशल्य किती पोंचतात तें प्रमाण ठरविण्यांत आहे. त्याची एक रीत अशी: नवजात केंद्र वर्खापाशींच आपल्या विशिष्ट गॅमा-किरणांनीं आपला जन्म कळवितें. ते किरण तेथेंच मोजावयाचे, आणि त्यांपैकीं कितींच्या जोडीला शेवटच्या गणकावर अवशेष आला तें पाहावयाचें. जन्माची नोंद व आगमनाची नोंद यांचा ताळा घातला कीं वाटेंत हरवलेल्यांची संख्या निघते. झोत किती आला याचा हिशेब दोन्ही बाजूंस बसविलेले दोन लहान गणक ठेवतात. विखुरलेल्या कणांवरून, रदरफर्डच्या १९११ च्या सूत्रानें, तो काढतां येतो.

हा सारा खटाटोप अचूकतेसाठीं कां करावयाचा, याचें उत्तर कॅनबेरानें दिलें. ओलिफंटनें घडविलेल्या त्या संशोधनशाळेंत १९९० नंतर डेव्हिड हिंड, जॅक ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संमीलनाची मोजदाद शेंकडा एकाच्या अचूकतेपर्यंत नेली. मुंबईच्या टाटा संस्थेंत संशोधन करून तेथें गेलेल्या महानंदा दासगुप्ता या त्यांतील प्रमुख होत. प्रथम त्यांनीं परस्परांस काटकोनांत असलेल्या विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांची वेगचाळणी वापरली. पुढें अतिसंवाहक तारेच्या प्रचंड वेटोळ्याचा विभाजक केला. हें वेटोळें अवशेषांना मळसूत्री वाटेनें नेऊन पुन्हां एकत्र आणतें, आणि त्यांचा फार मोठा भाग निसटूं देत नाहीं. त्याचें नांव 'सॉलिटेअर', म्हणजे एकटा बसविलेला हिरा. दिल्लीच्या 'हिऱ्या'शीं जमलेला हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो.

त्या अचूकतेचें फळ असें. समेरियमचें एक केंद्र वाटोळें नसून विटीसारखें लांबट आहे. त्यावर ऑक्सिजनचें केंद्र टोंकाकडून आलें तर तट ठेंगणा भेटतो, कुशीकडून आलें तर उंच. म्हणजे तट एक नसून अनेक. संमीलनाचे आंकडे ऊर्जेच्या बारीक बारीक पायऱ्यांवर घेतले व त्यांतील चढउतार काढला, तर या अनेक तटांचें चित्रच कागदावर उमटतें. परंतु चूक शेंकडा एकदोनच्या पुढें गेली कीं तें चित्र पुसून जातें. डोळ्यांस न दिसणाऱ्या केंद्राचा आकार केवळ चोख हिशेबानें दिसूं लागला.

दुसरें फळ अधिक अनपेक्षित होतें. २००२ सालीं शिकागोजवळच्या अर्गोन प्रयोगशाळेंत, तेथील विभाजकाच्या साहाय्यानें, निकेल व इट्रियम यांचें संमीलन तटाच्या फार खालीं नेऊन मोजण्यांत आलें. या शास्त्रांत संमीलनाची संभाव्यता 'बार्न' या एककांत सांगतात. बार्न म्हणजे धान्याचें कोठार. १९४२ सालीं पर्ड्यू विद्यापीठांतील दोघां शास्त्रज्ञांनीं, केंद्र कोठाराएवढें मोठें लक्ष्य आहे अशा थट्टेनें, हें नांव दिलें. अर्गोनची मोजदाद या कोठाराच्या कोट्यंशापर्यंत उतरली, आणि असें आढळलें कीं अगदीं खालच्या ऊर्जेवर संमीलन गणितापेक्षां फारच झपाट्यानें कमी होतें. ताऱ्यांत कार्बनशीं कार्बनचें संमीलन होतें तें अशाच खालच्या ऊर्जेवर. तेथें प्रयोग पोंचत नाहीं, म्हणून वरचे आंकडे खालीं ताणून उत्तर काढावें लागतें. तो ताण चुकीचा असेल, तर ताऱ्यांच्या आयुष्याचें गणितही चुकीचें ठरतें.

या प्रश्नावर मुंबईनें २००९ सालीं आपलें म्हणणें मांडलें. कुलाब्याच्या त्वरकावर लिथियमचा झोत प्लॅटिनमवर सोडण्यांत आला. लिथियम हलकें, प्लॅटिनम जड. तेव्हां संमीलनानें झालेलें थॅलियम वर्खांतच अडकून राहतें, व विभाजकाचा येथें उपयोग नसतो. म्हणून भाभा केंद्र व टाटा संस्था येथील शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्ख झोताबाहेर काढून शांत जागीं नेला, आणि थॅलियमच्या किरणोत्सर्गांतील क्ष-किरण व गॅमा-किरण एकाच क्षणीं आले तरच ती नोंद धरली. साक्षीदार दोन असल्याखेरीज साक्ष घ्यावयाची नाहीं, हा नियम. अशा रीतीनें तटाच्या पुष्कळ खालीं जाऊनही या जोडींत अर्गोनसारखा निरोध त्यांस आढळला नाहीं. सर्व केंद्रांस एकच नियम लागतो कीं काय, हा प्रश्न त्यामुळें अधिक बारकाईनें विचारावा लागला. १९८९ मध्यें ज्या शहरानें घाईच्या आशेची किंमत जाणली, त्याच शहरानें वीस वर्षांनीं दोन साक्षीदारांचा नियम पाळून जगापुढें एक आंकडा ठेवला, याचें आम्हांस भाभांच्या भाकितापेक्षांही अधिक मोल वाटतें.

पेशवाईंत याच चिंचवडास टांकसाळ होती. चांदी आटविली म्हणजे घट यावयाचीच. घट आली नाहीं असें सांगणारा टांकसाळ्या लबाड, आणि किती आली तें लिहून ठेवणारा विश्वासू, हें त्या काळच्या कारकुनासही कळत असे. आज पवनेच्या कांठीं टांकसाळ नाहीं, परंतु मापाला वाहिलेलीं हजारों यंत्रें आहेत. पुन्हां त्या कारखान्यांत गेलों तेव्हां आम्हीं आमच्या विद्यार्थ्यास 'हिरा' व 'सॉलिटेअर' यांची ही हकीकत सांगितली. त्यानें ती मन लावून ऐकली, व मग पेटीतलें थोडें पाणी पांढऱ्या फडक्यावर ओतून, तें फडकें उजेडांत धरून बराच वेळ पाहिलें. "रोज एकदां हें करून वहींत लिहीत जाईन," इतकेंच तो बोलला.